दर्शनी पत्र्याची निवड : रंगाआधी गाभा पाहावा

पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा वा वास्को यांपैकी कोणत्याही शहराच्या मुख्य रस्त्यावरून फेरफटका मारला, तर अलीकडच्या काळात इमारतींचा चेहरा किती बदलला आहे हे सहज ध्यानात येते. चिऱ्याच्या भिंती, चुन्याचा गिलावा आणि उतरते कौलारू छप्पर यांची जागा आधी सिमेंटने घेतली. आता सिमेंटच्या भिंतीवरही धातूचे आवरण चढू लागले आहे. बँकांच्या शाखा, वाहनांची दालने, हॉटेले, खासगी इस्पितळे, शिकवणी वर्ग, व्यापारी संकुले आणि सरकारी कार्यालयेही चकचकीत पॅनेलांनी मढवली जात आहेत. जुनी इमारत नवी दिसावी, दर दोन-तीन पावसाळ्यांनंतर रंगकामाचा खर्च टळावा आणि काम थोड्या दिवसांत पूर्ण व्हावे, अशा तिहेरी अपेक्षेने हा पत्रा बसवला जातो.

या अपेक्षेत गैर काही नाही. धातूचे आवरण वजनाने हलके असते, पावसाचा मारा मूळ भिंतीपर्यंत पोहोचू देत नाही आणि नीट बसवले तर वीस-पंचवीस वर्षे टिकते. प्रश्न निवडीच्या पद्धतीचा आहे. गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत किंवा दुकानमालकाच्या टेबलावर चर्चा सुरू होते ती रंगांच्या नमुना-पुस्तिकेपासून, आणि संपते ती प्रति चौरस फूट दरापाशी. पत्र्याच्या पोटात काय आहे, त्यावरचा लेप कोणता आहे आणि तो भिंतीला कशाने धरून ठेवला जाणार आहे, हे तीन प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. पहिल्या प्रश्नाशी माणसांचे प्राण निगडित आहेत, उरलेल्या दोहोंशी इमारतीचे आयुष्य.

२०२५ च्या डिसेंबरमध्ये हडफडे येथील नाइट क्लबात लागलेल्या आगीत २५ जणांचे प्राण गेले. त्या वास्तूची रचना वेगळी होती आणि तिथल्या त्रुटींचा विषयही वेगळा. मात्र त्या घटनेने गोव्यात एक चर्चा ऐरणीवर आणली : परवाने, बाहेर पडण्याचे मार्ग आणि अग्निशामक साधने यांच्याबरोबरच वास्तू कोणत्या साहित्याने उभी केली वा सजवली आहे, हेही तपासले जायला हवे. दर्शनी भागावरील धातूची पॅनेले हा त्या चर्चेत अद्याप पुरेसा न आलेला भाग आहे. त्याचा विचार दुर्घटनेनंतर करण्यापेक्षा आधी केलेला बरा.

पत्र्याच्या पोटात काय?

बाजारात ज्याला सरसकट ‘एसीपी’ म्हटले जाते ते ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेल दिसायला एकसंध असले, तरी ते तीन थरांचे असते. बाहेरचे दोन थर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे आणि मधला थर गाभ्याचा. इमारतीच्या बाह्यभागासाठी वापरले जाणारे पॅनेल साधारणपणे ४ मिलिमीटर जाडीचे असते. त्यात ॲल्युमिनियमचे दोन्ही पत्रे प्रत्येकी अर्धा मिलिमीटर आणि गाभा ३ मिलिमीटर असतो. म्हणजे जाडीच्या हिशेबाने पाहिले तर तीन-चतुर्थांश पॅनेल धातूचे नसतेच.

हा गाभा तीन प्रकारचा असतो. सर्वांत स्वस्त प्रकारात तो निव्वळ पॉलिथिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचा असतो. दुसऱ्या प्रकारात प्लास्टिकचे प्रमाण घटवून सुमारे ७० टक्क्यांपर्यंत खनिज द्रव्ये मिसळलेली असतात. बाजारात तो ‘एफआर’ म्हणजे अग्निरोधक म्हणून ओळखला जातो. तिसऱ्या प्रकारात खनिजांचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असते आणि युरोपीय वर्गीकरणात तो ‘ए-२’ श्रेणीत बसतो. याखेरीज गाभाच नसलेले, दोन ते तीन मिलिमीटर जाडीचे भरीव ॲल्युमिनियमचे पत्रेही मिळतात. भिंतीवर चढल्यावर हे चारही प्रकार एकसारखे दिसतात, आणि गैरसमजाला वाव मिळतो तो इथेच.

निव्वळ पॉलिथिलीनच्या गाभ्याचा धोका समजण्यासाठी साधा हिशेब पुरेसा आहे. ३ मिलिमीटर जाडीच्या गाभ्यात दर चौरस मीटरला पावणेतीन किलोच्या आसपास पॉलिथिलीन असते. ते जळताना साधारण साडेतीन लिटर डिझेलइतकी उष्णता बाहेर टाकते. १० मीटर रुंद आणि १२ मीटर उंच अशा मध्यम आकाराच्या दर्शनी भागाचे क्षेत्रफळ १२० चौरस मीटर भरते. तेवढ्या भागावर अशी पॅनेले लावणे म्हणजे चारशे लिटरांहून अधिक डिझेल, म्हणजेच दोन मोठी पिंपे, भिंतीवर पातळ थरात पसरवून ठेवण्यासारखे आहे. पॉलिथिलीन ११० ते १३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळू लागते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. आगीच्या झळीने आधी गाभा मऊ होतो, पत्रे सुटू लागतात, आणि मग जळते थेंब खाली गळत आग वरच्याप्रमाणेच खालच्या दिशेनेही पसरू लागते.

पॅनेल आणि मूळ भिंत यांच्यामध्ये जी पोकळी ठेवली जाते ती पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी आणि हवा खेळण्यासाठी आवश्यक असते. आगीच्या वेळी मात्र हीच पोकळी धुराड्याचे काम करते. गरम हवा वर खेचली जाते आणि ज्वाळा बाहेरून न दिसता आतल्या आत मजले चढत जातात. म्हणूनच प्रत्येक मजल्याच्या पातळीवर त्या पोकळीत न जळणारा अडसर बसवणे हे योग्य गाभा निवडण्याइतकेच महत्त्वाचे असते.

जगाने मोजलेली किंमत

या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले ते लंडनमधील ग्रेनफेल टॉवरच्या आगीने. १४ जून २०१७ रोजी या २४ मजली निवासी इमारतीच्या चौथ्या मजल्यावरील एका घरात शीतकपाटाला लागलेली आग बाहेरच्या आवरणात शिरली आणि अर्ध्या-पाऊण तासात छतापर्यंत पोहोचली. ७२ जणांचा बळी गेला. वर्षभरापूर्वीच, म्हणजे २०१६ मध्ये, इमारतीच्या नूतनीकरणाचे काम पूर्ण झाले होते आणि त्यात पॉलिथिलीन गाभ्याची पॅनेले बसवण्यात आली होती. सर मार्टिन मूर-बिक यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीच्या २०१९ मधील पहिल्या अहवालाने ही पॅनेलेच आग पसरण्याचे मुख्य कारण ठरवली. इमारतीच्या माथ्यावर निव्वळ शोभेसाठी केलेल्या धातूच्या मुकुटामुळे आग आडवी पसरून इमारतीच्या चहूबाजूंना गेली, हेही त्यातून पुढे आले.

या प्रकरणातील आपल्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद बाब पैशाची आहे. मूळ प्रस्ताव जस्ताच्या पॅनेलांचा होता. खर्च कमी करण्यासाठी त्याऐवजी ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेल निवडले गेले आणि त्यातून सुमारे २ लाख ९३ हजार पौंड वाचले. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या चौकशीच्या अंतिम अहवालाने सरकार, नियामक, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था, वास्तुविशारद, कंत्राटदार आणि पॅनेलचे उत्पादक अशा सगळ्यांवर ठपका ठेवला. तेच पॅनेल कडा दुमडून पेटीसारखे बसवले तर रिव्हेट ठोकून सपाट बसवलेल्या पॅनेलपेक्षा आगीत कितीतरी वाईट वागते, हे उत्पादकाच्या स्वतःच्या चाचण्यांत अनेक वर्षांपूर्वी दिसले होते. ते दडवले गेले, असा निष्कर्षही त्यात आहे. साहित्याचे प्रमाणपत्र पाहताना ते कोणत्या पद्धतीने बसवलेल्या पॅनेलला दिले आहे हे पाहणे का गरजेचे आहे, ते यावरून कळते.

मेलबर्नमधील लॅक्रोस या इमारतीत २५ नोव्हेंबर २०१४ रोजी आठव्या मजल्याच्या सज्जात विझवायच्या राहिलेल्या एका सिगारेटने आग लावली. बाहेरच्या पॅनेलांवरून ती दहा-अकरा मिनिटांत एकविसाव्या मजल्यापर्यंत गेली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. २०१९ मध्ये तेथील न्यायाधिकरणाने नुकसानभरपाईचा भार वाटून दिला : अग्निसुरक्षा अभियंत्यावर ३९ टक्के, बांधकाम मंजूर करणाऱ्या सर्वेक्षकावर ३३ टक्के आणि वास्तुविशारदावर २५ टक्के. सिगारेट ओढणाऱ्याच्या वाट्याला अवघे ३ टक्के आले. ठिणगी कुणाची होती यापेक्षा तिला इंधन कुणी पुरवले हे त्या न्यायाधिकरणाला महत्त्वाचे वाटले. दुबईतील टॉर्च टॉवरला तर २०१५ आणि २०१७ अशी दोनदा आग लागली. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात फेब्रुवारी २०२४ मध्ये अशाच आवरणाच्या निवासी संकुलातील आगीने १० जणांचा बळी घेतला.

ग्रेनफेलनंतर ब्रिटिश सरकारने पूर्ण आकाराच्या भिंती उभारून सात चाचण्या घेतल्या. पॉलिथिलीन गाभ्याची पॅनेले मागे दगडी लोकरीचे न जळणारे थर असूनही नापास झाली. ‘एफआर’ गाभ्याची पॅनेले दगडी लोकरीबरोबर उत्तीर्ण झाली, परंतु मागे ज्वलनशील फेस असताना नापास झाली. ‘ए-२’ गाभ्याची दोन्ही परिस्थितींत उत्तीर्ण झाली. म्हणजे ‘अग्निरोधक’ हा शिक्का मर्यादित अर्थाचा आहे. मागे काय आहे यावर त्याची किंमत ठरते. इंग्लंडने डिसेंबर २०१८ पासून १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्य वापरण्यास मनाई केली, आणि डिसेंबर २०२२ पासून पॉलिथिलीन गाभ्याच्या पॅनेलांवर इमारतीची उंची काहीही असो, बंदी घातली.

‘आपल्याकडे उंच इमारती कुठे आहेत?’

गोव्यात हा प्रश्न हमखास विचारला जातो. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ नुसार १५ मीटर वा त्याहून उंच इमारत ‘उत्तुंग’ गणली जाते आणि तिच्यावर अग्निसुरक्षेचे कठोर निकष लागू होतात. आपल्याकडील बहुसंख्य व्यापारी इमारती या मर्यादेच्या आत किंवा तिच्या काठावर असतात. तथापि उंची कमी म्हणून धोका नाही, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तळमजल्यावर उपाहारगृहाचे स्वयंपाकघर, पहिल्या मजल्यावर शिकवणी वर्ग, दुसऱ्यावर दवाखाना, बाहेर एकच जिना आणि दर्शनी भागावर खिडक्या झाकून टाकणारी पॅनेले, अशी रचना आपल्या बाजारपेठांत दुर्मीळ नाही. खिडक्या झाकल्या की धूर बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि शिडी लावून माणसे उतरवण्याची सोयही जाते. जुन्या बाजारातील अरुंद रस्त्यांवरून अग्निशामक बंब इमारतीपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ वेगळाच. त्यातच पॅनेलांच्या मागून जाणाऱ्या विजेच्या तारा, वर बसवलेले प्रकाशफलक आणि वातानुकूलन यंत्रांची बाहेरची खोकी ही ठिणगीची संभाव्य स्थाने असतात.

नियम आपल्याकडे नाहीत असे नाही. मजल्याची लादी आणि बाहेरचे आवरण यांच्यातील फट प्रत्येक पातळीवर अग्निरोधक साहित्याने बंद करावी, असे राष्ट्रीय संहिता सांगते. ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेलसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७६८२ हे स्वतंत्र मानक आहे. परंतु संहिता ही मुळात मार्गदर्शक आहे. राज्यांनी व स्थानिक संस्थांनी ती आपल्या नियमांत उतरवली तरच तिला धार येते. शिवाय नव्या बांधकामाचा आराखडा मंजुरीसाठी जातो, अग्निशामक सेवेचा ना-हरकत दाखला लागतो. जुन्या इमारतीवर नंतर चढवलेल्या पॅनेलांकडे मात्र अनेकदा रंगरंगोटीसारखी सजावट म्हणूनच पाहिले जाते. ग्रेनफेलचे कामही नूतनीकरणाचेच होते, याचा विसर पडू नये.

खारा वारा आणि धातूंची परीक्षा

गोव्यापुरता दुसरा मोठा प्रश्न हवामानाचा आहे. वर्षाकाठी साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, वर्षातील बहुतेक काळ दमट हवा आणि समुद्रावरून येणारा खारा वारा, ही धातूच्या दृष्टीने कठीण परिस्थिती होय. आंतरराष्ट्रीय मानकांत हवेच्या गंजकारकतेच्या श्रेणी सी-१ पासून सी-५ पर्यंत आणि त्यापुढे अतितीव्र अशा असतात. समुद्राला लागून असलेल्या इमारती या मोजपट्टीच्या वरच्या टोकाला येतात.

इथे एक गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटते. धातूला पावसाचे भय कमी आणि पाऊस न लागण्याचे भय अधिक असते. जून ते सप्टेंबरपर्यंतचा पाऊस पॅनेलांवर साचलेले मीठ धुऊन नेतो. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत मात्र मीठ साचत राहते आणि रात्रीच्या दमटपणात ओले होऊन धातूला खात राहते. सज्जाच्या खालची बाजू, छज्जाआडचा भाग, पोर्चचे छत या पाऊस न पोहोचणाऱ्या जागा म्हणूनच सर्वांत आधी खराब होतात. वर्षातून दोन-तीनदा गोड्या पाण्याने पॅनेले धुण्याची सोय आराखड्यातच असायला हवी. अनेक उत्पादकांच्या हमीपत्रांत समुद्रापासून ठरावीक अंतराच्या आतील इमारती वगळलेल्या असतात, किंवा धुण्याची नोंद ठेवण्याची अट असते. पंधरा वर्षांची हमी वाचून आनंदणाऱ्याने त्याखालचा बारीक मजकूरही वाचावा.

धातूंपैकी ॲल्युमिनियम आपल्या हवेत एकंदरीत चांगले टिकते, कारण त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ संरक्षक थर आपोआप तयार होतो. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा स्वस्त असतो, परंतु मुलाम्याचे आयुष्य मोजके असते. दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असलेल्या चांगल्या पत्र्यावरही प्रत्येक बाजूला थर असतो तो २० मायक्रॉनच्या आसपास. सी-५ श्रेणीच्या हवेत जस्त वर्षाला चार ते साडेआठ मायक्रॉन या गतीने झिजते. म्हणजे वर रंगाचे संरक्षण नसेल तर तो थर अडीच ते पाच वर्षांत संपतो. नुसत्या जस्ताच्या पॅनेलांचे युरोपातील शहरांत जे राखाडी सौंदर्य दिसते ते खाऱ्या हवेत तसेच राहील याची खात्री देता येत नाही.

स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत ‘गंजत नाही’ हा समज घातक ठरतो. भांड्यांसाठी वापरला जाणारा ३०४ हा प्रकार किनाऱ्याजवळ काही महिन्यांतच चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग दाखवू लागतो. २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेला ३१६ हा प्रकार अधिक टिकाऊ. तोही जितका गुळगुळीत घासलेला तितका चांगला, कारण खरबरीत पृष्ठभागावर मीठ अडकून राहते. सध्या वास्तुविशारदांना भुरळ घालणारा मुद्दाम गंजवलेल्या पोलादाचा तांबूस पत्रा तर आपल्या किनारपट्टीसाठी अयोग्यच म्हणावा लागेल. कोरड्या हवेत त्यावर गंजाचा घट्ट थर बसतो आणि पुढचा गंज थांबतो. खाऱ्या हवेत तो थर स्थिरच होत नाही. होनोलुलू येथे १९७५ मध्ये उघडलेल्या अलोहा स्टेडियमच्या पोलादाने हाच धडा शिकवला. समुद्राच्या हवेत ते गंजतच राहिले आणि दुरुस्तीचा खर्च वर्षानुवर्षे वाढत गेला.

लेपाची भाषा

पॅनेलच्या रंगाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व त्या रंगाच्या लेपाला आहे. पॉलिएस्टरचा लेप स्वस्त असतो आणि आतल्या सजावटीसाठी तो पुरेसा ठरतो. बाहेरच्या उन्हात तो काही वर्षांतच फिका पडून खडूसारखी भुकटी सोडू लागतो. बाह्यभागासाठी ‘पीव्हीडीएफ’ हा फ्लोरिनयुक्त लेप योग्य मानला जातो. त्यातील कार्बन आणि फ्लोरिन यांचा रासायनिक बंध सूर्यप्रकाशाने सहजी तुटत नाही. येथेही प्रमाण विचारावे : लेपातील राळेत ७० टक्के पीव्हीडीएफ असेल तरच त्याला अपेक्षित टिकाऊपणा येतो. नुसते ‘पीव्हीडीएफ’ लिहिलेले असणे पुरेसे नाही.

लेपांच्या तुलनेसाठी अमेरिकेतील तीन मानके आपल्याकडील व्यावसायिकांना परिचित आहेत. एएएमए २६०३ या मानकात लेप दक्षिण फ्लोरिडातील उन्हापावसात एक वर्ष, २६०४ मध्ये पाच वर्षे आणि २६०५ मध्ये दहा वर्षे टिकलेला असावा लागतो. फ्लोरिडाची हवा उष्ण, दमट आणि खारी असल्याने ही कसोटी गोव्यासाठी अर्थपूर्ण आहे. भरीव ॲल्युमिनियमसाठी पावडर कोटिंग हा पर्याय आहे. त्यातही उच्च टिकाऊपणाच्या भुकटीची आणि किनारी वापरासाठीच्या पूर्वप्रक्रियेची मागणी स्पष्टपणे करावी लागते. ॲनोडायझिंग केलेले ॲल्युमिनियम हवे असेल तर थर २० ते २५ मायक्रॉनचा असावा. सिमेंट व चुन्याच्या ओल्या गिलाव्याचे शिंतोडे त्यावर कायमचे डाग पाडतात, म्हणून गवंडीकाम संपल्याशिवाय अशी पॅनेले बसवू नयेत.

निवडीत आणखी काही बारकावे आहेत. गडद रंगाची पॅनेले उन्हात जास्त तापतात, जास्त प्रसरण पावतात आणि त्यांचा फिकेपणा लवकर डोळ्यांत भरतो. धातूची झाक असलेल्या पॅनेलांच्या मागे वा वरच्या प्लास्टिक पापुद्र्यावर बाण छापलेले असतात. सर्व पॅनेले त्याच दिशेने बसवली नाहीत तर एकाच भिंतीवर दोन छटा दिसतात. एका भिंतीसाठी लागणारा सर्व माल एकाच उत्पादन-खेपेतून घ्यावा. वरचा पापुद्रा काम झाल्यावर लगेच काढावा. उन्हात महिनोन्‌महिने राहिला तर त्याचा डिंक लेपावर भाजून बसतो.

धरून ठेवणारा सांगाडा

पॅनेल उत्तम आणि त्यामागचा सांगाडा निकृष्ट, ही आपल्याकडची नेहमीची कहाणी. रंग फासलेल्या लोखंडी नळ्यांवर ॲल्युमिनियमचे पॅनेल साध्या स्क्रूंनी बसवले जाते. दोन भिन्न धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यांतील एक धातू दुसऱ्यासाठी झिजत राहतो. ॲल्युमिनियमचाच सांगाडा, ३१६ प्रकारच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि दोन धातूंमध्ये नायलॉन वा रबराची चकती, ही किनारपट्टीसाठी योग्य रचना होय. लोखंडी सांगाडा वापरायचाच असेल तर सर्व जोडकाम व छिद्रे झाल्यानंतर तो वितळलेल्या जस्तात बुडवून घ्यावा. त्यातून मिळणारा थर मुलामा दिलेल्या पातळ पत्र्यापेक्षा तिप्पट-चौपट जाड असतो. वीज पडण्यापासून संरक्षण करणारी तांब्याची पट्टी पॅनेलांना टेकणार नाही आणि तिच्यावरचे पाणी त्यांवर ओघळणार नाही, याचीही काळजी घ्यायला हवी.

ॲल्युमिनियम उष्णतेने बरेच वाढते. भरीव पत्र्याची ३ मीटर लांबी तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर जवळजवळ ३ मिलिमीटरने बदलते. चारही बाजूंनी घट्ट जखडलेले पॅनेल मग फुगते, लाटांसारखे दिसू लागते किंवा स्क्रूची छिद्रे फाडते. पॅनेलांमधली फट आणि लांबट छिद्रे यांसाठीच असतात. फटीत भरलेल्या सिलिकॉनवर विसंबून पाणी पूर्ण अडवण्याचा अट्टहासही करू नये. काही पाणी आत जाणार हे गृहीत धरून ते खाली वाहून जाईल अशी वाट ठेवावी. नाहीतर पॅनेलाआड भिंत ओली राहते, बुरशी धरते आणि मालकाला त्याचा पत्ता लागतो तेव्हा आतला गिलावा पोपडे धरू लागलेला असतो.

‘किंवा समतुल्य’ या दोन शब्दांचे मोल

हे सारे माहीत असूनही घोडे अडते ते निविदेपाशी. वास्तुविशारद ‘ए-२’ गाभ्याचे पॅनेल लिहितो, निविदेत त्यापुढे ‘किंवा समतुल्य’ हे शब्द येतात आणि प्रत्यक्ष भिंतीवर चढते ते दिसण्यापुरते समतुल्य असलेले पॅनेल. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याच्या पद्धतीत कंत्राटदाराला बचतीची सर्वांत सोपी जागा गाभ्यात सापडते, कारण तिथे कुणी पाहत नाही. समतुल्यता कोणत्या गुणांबाबत, ती कोण ठरवणार आणि कोणत्या चाचणीने, हे तीन खुलासे निविदेत नसतील तर त्या शब्दांना पळवाटेपलीकडे अर्थ उरत नाही.

सामान्य ग्राहकाच्या हाती मात्र एक सोपे साधन आहे, ते म्हणजे वजनकाटा. अर्धा मिलिमीटर पत्र्यांचे ४ मिलिमीटर जाडीचे पॉलिथिलीन गाभ्याचे पॅनेल चौरस मीटरला साडेपाच किलोच्या आसपास भरते. खनिजयुक्त गाभ्याचे साडेसात किलो किंवा अधिक. म्हणजे आठ फूट बाय चार फुटांचा ताव पहिल्या प्रकारात १६ किलोंच्या जवळपास आणि दुसऱ्या प्रकारात २२ किलोंहून अधिक असायला हवा. ‘एफआर’ म्हणून आलेला ताव १६ किलोंच्या आसपास भरला तर तो परत पाठवावा. ताव त्याहूनही हलका निघाला, तर पत्रे पातळ म्हणजे फलकांसाठीच्या दर्जाचे असण्याची दाट शक्यता असते. ही अर्थात प्राथमिक चाळणी झाली. खरी खात्री प्रयोगशाळेत गाभ्याचे उष्मांक मोजून होते आणि त्यासाठी लहानसा तुकडा पुरतो. ब्रिटनमध्ये ग्रेनफेलनंतर अस्तित्वातील इमारतींची तपासणी याच पद्धतीने सुरू झाली : किलोला ३ मेगाज्यूलपर्यंत पहिली श्रेणी, ३५ पर्यंत दुसरी आणि त्यापुढे तिसरी.

गृहनिर्माण संस्था, इस्पितळे, शाळा आणि दुकानमालक यांनी काम देण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागाव्यात : गाभ्याची श्रेणी व तिचे चाचणी प्रमाणपत्र, ज्या पद्धतीने पॅनेल बसवले जाणार आहे त्याच पद्धतीच्या चाचणीचा उल्लेख, लेपाचा प्रकार व मानक, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची जाडी, सांगाडा व स्क्रू यांचा धातू, प्रत्येक मजल्यावरील अग्निअडसराचा नकाशा आणि आलेल्या प्रत्येक खेपेतील एक तुकडा संस्थेच्या कपाटात जपून ठेवण्याची अट. यातील कशालाही मोठा खर्च येत नाही.

शासनाने करावयाचे काम याहून मोठे आहे. पॅनेले चढवणे ही सजावट नसून इमारतीच्या बाह्य भिंतीतील बदल आहे, हे नियमांत स्पष्ट करून त्यासाठी अग्निशामक सेवेची संमती आवश्यक करावी. निव्वळ पॉलिथिलीन गाभ्याच्या पॅनेलांना, इमारत किती उंच आहे हे न पाहता, इस्पितळे, शाळा, हॉटेले आणि माणसांची गर्दी होणाऱ्या सर्व जागी मज्जाव करावा. जी इमारत आज मढलेली आहे तिची नोंद नगरपालिका व पंचायतींनी करावी आणि इस्पितळांपासून सुरुवात करून नमुने तपासून घ्यावेत. गोवा लहान राज्य आहे. मोठ्या महानगरांना जे काम अशक्यप्राय वाटते ते इथे एका वर्षाच्या आत होऊ शकते. सरकारी इमारतींपासून आरंभ केल्यास खासगी मालकांना सबब उरणार नाही.

काही इमारतींना या आवरणाची मुळात गरजच नसते, हेही ध्यानात घ्यायला हवे. रुंद छज्जा, उतरते छप्पर, श्वास घेणारा गिलावा आणि चिऱ्याची भिंत ही गोव्याच्या हवेला दिलेली जुनी उत्तरे आजही लहान व मध्यम इमारतींसाठी उपयोगी आहेत. जिथे धातूच हवा तिथे तो घ्यावा, मात्र आधी गाभा, मग लेप, मग सांगाडा आणि शेवटी रंग, या क्रमाने. येत्या पावसाळ्यापूर्वी ज्या संस्था नूतनीकरणाचे ठराव करणार आहेत, त्यांनी हा क्रम आपल्या ठरावात लिहून घेतला तर शासनाच्या नियमाची वाट पाहण्याचीही त्यांना गरज पडणार नाही.